बिल्टी कोणाच्या नावाची?

पुण्याहून गुरुग्रामला बदली झाली की घरसामानाचा प्रश्न दोन दिवसांत सुटतो, गाडीचा सुटत नाही. चौदाशे किलोमीटर स्वतः चालवत न्यायची तर वाटेत मुक्काम, डिझेल, टोल आणि रजा. ओळखीचा ड्रायव्हर पाठवायचा तर त्याच्या परतीचं तिकीट आणि गाडी पोचेपर्यंत जिवाला घोर. इथे विकून तिकडे दुसरी घ्यायची तर घाईचा सौदा नेहमीच घाट्याचा. शेवटी माणूस मोबाइल उघडतो, कुठल्याशा पानावर नाव, नंबर आणि गाडीचं मॉडेल भरतो, आणि चहा संपायच्या आत फोन वाजायला लागतात. प्रत्येकाचा दर वेगळा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांच्यात कधीकधी दुपटीचा फरक. बोलणं मात्र सगळ्यांचं एकाच साच्यातलं: "सर, डोअर टू डोअर, फुल इन्शुरन्स, गाडीला ओरखडासुद्धा येणार नाही."

दराची घासाघीस लगेच सुरू करण्यात अर्थ नसतो. पहिला प्रश्न विचारायचा तो असा: बिल्टी कोणाच्या नावाची फाटणार? माल वाहून नेणारा जी पावती देतो ती बिल्टी. कोणी तिला एलआर म्हणतं, कोणी जीआर. गाडी कोणाच्या ताब्यात आहे आणि काही झालं तर कोणाला धरायचं, हे ती पावती ठरवते. चकचकीत वेबसाइट, पाच तारे, हिरवी टिकली यांतलं काहीही ते ठरवत नाही. आणि हा प्रश्न विचारला की समोरच्याचा सूर बदलतो का, हे नीट ऐकावं.

कारण फोनवर बोलणाऱ्या त्या माणसाकडे पुष्कळदा ट्रक नसतोच. हा धंदा समजून घ्यायचा तर नव्या गाड्यांपासून सुरुवात करावी लागते. मारुतीच्या गाड्या गुरुग्राम-मानेसरला आणि गुजरातेत हन्सलपूरला तयार होतात, ह्युंदाईच्या चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला, टोयोटाच्या बंगळुरूजवळ बिडदीला. महिंद्रा आणि फोक्सवॅगनचे कारखाने आपल्या चाकणला. तिथून देशभरातल्या शोरूमपर्यंत नव्या गाड्या नेण्यासाठी ते लांबलचक दुमजली ट्रेलर, ज्यांना सगळे कार कॅरिअर म्हणतात, रस्त्यावर आले. कारखान्याचं काम असतं जाण्याचं. शोरूमला गाड्या उतरवल्या की ट्रेलर रिकामा, आणि रिकामा ट्रेलर परत नेणं म्हणजे मालकाच्या खिशाला भोक. ते भोक बुजवायला बदलीवाल्यांच्या, लष्करातल्या, आयटीतल्या लोकांच्या जुन्या गाड्या लागतात. तुमची गाडी हा बहुतेक वेळा कोणाचा तरी परतीचा माल असतो.

एवढं कळलं की दरांचं कोडं बरंचसं सुटतं. अंतर तेच असलं तरी जाण्याचा आणि येण्याचा दर वेगळा का, तर ट्रेलर कुठल्या दिशेने रिकामे धावतात त्यावर सगळं अवलंबून. दसरा-दिवाळीच्या आधी गाडी उचलायला उशीर का लागतो, तर त्या दिवसांत कारखान्यांची स्वतःचीच धावपळ असते आणि सगळे ट्रेलर तिकडे जुंपलेले असतात. आणि "उद्याच उचलतो" म्हणणाऱ्याकडे दिलेली गाडी आठ दिवस यार्डात का उभी राहते, तर ट्रेलर भरल्याशिवाय हलत नाही. एका ट्रेलरवर गाड्यांच्या आकाराप्रमाणे साधारण सहा ते आठ गाड्या बसतात. पाच जमल्या तर सहावीची वाट पाहिली जाते. तारीख छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा "निघाल्यावर पाच-सहा दिवस, पण निघायला तीन-चार दिवस लागू शकतात" असं सांगणारा माझ्या मते जास्त विश्वासाचा.

म्हणजे साखळी अशी: तुम्ही, फोनवरचा एजंट, त्याने ज्याच्याकडे जागा घेतली तो ट्रान्सपोर्टर, ट्रेलरचा मालक, त्याचा ड्रायव्हर, आणि दोन्ही टोकांना गाडी घर ते यार्ड चालवत नेणारी मुलं. 'डोअर टू डोअर' या शब्दांत ही शेवटची मुलं लपलेली असतात. ट्रेलर सोसायटीच्या गेटापर्यंत येऊच शकत नाही. शहरांत दिवसा अवजड वाहनांना बंदी, गल्ल्या अरुंद. तेव्हा कोणीतरी किल्ली घेऊन तुमची गाडी कळंबोलीला, भिवंडीला, चाकणच्या बाजूला कुठेतरी चालवत नेणारच. यात गैर काही नाही. पण ते अंतर किती, चालवणारा कोण, त्याचा परवाना काय, हे आधी विचारलेलं असलं की पुढे वाद होत नाही. साखळी नको असेल तर एकाच गाडीचा बंदिस्त ट्रक मिळतो, पण तो महाग पडतो, आणि महागड्या गाडीखेरीज परवडत नाही.

रेल्वेचं काय, असं कोणीतरी विचारतंच. नव्या गाड्या रेल्वेने जातात. मारुतीला मोटारींसाठी खास मालगाडी चालवण्याचा परवाना २०१३ साली मिळाला आणि हन्सलपूरच्या कारखान्यात तर रूळ थेट आत गेले आहेत. पण ती सोय कारखान्यांसाठी. खासगी गाडीसाठी आपल्याकडे एक जवळचं उदाहरण कोकण रेल्वेचं आहे. कोलाड ते वेर्णा या मार्गावर माल भरलेले ट्रकच्या ट्रक रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढवून नेण्याची रो-रो सेवा १९९९ पासून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, तीच सोय मोटारींसाठी सुरू झाली. एका खेपेत ४० गाड्या, एका गाडीचे तेव्हा ७,८७५ रुपये, प्रवासी त्याच रेल्वेगाडीला जोडलेल्या डब्यात, रात्रभराचा प्रवास. आणि किमान १६ गाड्या जमल्या तरच फेरी. प्रतिसाद सुरुवातीला बेताचाच आला. कोलाडपर्यंत स्वतः चालवत जायचं आणि नेमका तिथून पुढचा रस्ता टाळायचा, हे गणित पुष्कळांना पटलं नसावं. पण त्यात एक गोष्ट साफ होती: गाडी नेणारा एकच, पावती त्याचीच. बाकीच्या धंद्यात ती शोधून काढावी लागते.

कशी शोधायची? कोटेशनवर जीएसटी क्रमांक मागा आणि तो स्वतः वाचा. पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ०७ दिल्ली. पुढची दहा अक्षरं म्हणजे धंदा करणाऱ्याचा पॅन. त्यातलं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं, सांगतं की हा प्राणी कोण: 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी, 'पी' असेल तर एकटा माणूस. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि क्रमांकात 'पी' असेल तर पुढे बोलायचंच कारण नाही. एकट्या माणसाचा धंदा वाईट असतो असं नव्हे. कितीतरी जुने, सचोटीचे ट्रान्सपोर्टर असेच आहेत. पण मग त्याने कंपनी असल्याचं सोंग का घ्यावं? जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तोच क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे फुकट दिसतं. 'पंचवीस वर्षांची परंपरा' सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या पावसाळ्यातली निघाली, तर ती परंपरा कोणाची हे विचारावं.

नावांचा घोळ या धंद्यात इतका आहे की प्रकरण थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. 'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव शोधलं की जाहिरातींत भलतेच लोक वर येतात, अशी तक्रार त्या नावाचा ट्रेडमार्क असलेल्या डीआरएस लॉजिस्टिक्सने गूगलविरुद्ध केली. ऑगस्ट २०२३ मध्ये खंडपीठाने सांगितलं की दुसऱ्याचं नाव जाहिरातीसाठी शोधशब्द म्हणून विकणं हाही त्या नावाचा वापरच आहे, आणि त्यात गूगल नुसता बघ्या नाही. ग्राहकाने यातून घ्यायचं ते एवढंच की सर्वांत वर दिसणारं नाव आणि तुम्ही शोधलेलं नाव एकच असेल असं धरून चालू नये. स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं.

'आयबीए मान्यताप्राप्त' हा शिक्काही असाच. इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संघटना. ज्या ट्रान्सपोर्टरची बिल्टी बँका कागद म्हणून स्वीकारतील त्यांची यादी ती ठेवते. शिक्का खरा असला तरी तो गाडी जपून नेण्याचं प्रशस्तिपत्र नव्हे, आणि खोटा शिक्का छापायला प्रिंटर पुरतो. यादीत नाव आहे का ते बघा आणि तेवढाच त्याला मान द्या.

आता कायदा. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी देशात १८६५ चा जुना कायदा होता. त्याच्या जागी २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आला आणि २०११ मध्ये नियमांसह लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी गाडी पाठवणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. पहिली आपल्या बाजूची: 'कॉमन कॅरिअर' या व्याख्येत ट्रकवालाच नव्हे, तर माल बुक करणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट, दलाल हे सगळे बसवलेले आहेत आणि त्यांनी नोंदणी करायची आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक मागा. "आम्ही तर फक्त एजंट" हे उत्तर कायद्याला मान्य नाही. दुसरीही आपल्याच बाजूची: नुकसान झालं तर वाहकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. तिसरी मात्र अंगावर येणारी आहे. जास्त जोखमीचा वेगळा दर ठरवून भरला नसेल, तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. समजा भाडं १५,००० रुपये ठरलं. ट्रेलर दरीत गेला, गाडी आठ लाखांची, तरी वाहकाकडून मिळू शकणारी रक्कम दीड लाख. भाड्यात दोन हजार वाचवल्याचा आनंद इथे थोडा कमी होतो.

म्हणून विमा. आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त धूळफेक चालते. कोटेशनमध्ये गाडीच्या किमतीच्या अमुक टक्के अशी एक ओळ असते. कधी 'इन्शुरन्स', कधी 'रिस्क कव्हर', कधी 'एफओव्ही'. ही रक्कम बऱ्याचदा कुठल्याही विमा कंपनीकडे जात नाही. ते वाहकाचं स्वतःचं आश्वासन असतं आणि त्याची किंमत वाहकाच्या दानतीएवढीच. खरा ट्रान्झिट विमा विमा कंपनी देते, त्याचं प्रमाणपत्र असतं, आणि त्यावर तुमचं नाव, गाडीचा चासी क्रमांक, कुठून कुठे आणि विम्याची रक्कम छापलेली असते. गाडी चढवण्याआधी तो कागद हातात नसेल तर विमा नाही असंच समजावं. कागद मिळाला तर त्यात कुठलं कलम आहे ते पाहा. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात 'ए' प्रकार सर्वांत व्यापक असतो. 'बी'मध्ये आग, टक्कर, ट्रक उलटणं असे मोजके धोके. 'सी' तर जवळपास आगीपुरताच. रॅम्पवरून चढवताना बंपर घासला, हे 'बी'मध्ये बसवणं कठीण.

पण बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती त्यांच्याच कपाटात असते. मोटारीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत आग, चोरी, पूर, अपघात यांच्या यादीत एक ओळ असते: रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग, लिफ्ट किंवा विमान यांतून वाहन नेलं जात असताना झालेलं नुकसान. म्हणजे ट्रेलरवर चढलेली तुमची गाडी तुमच्याच पॉलिसीखाली आधीच संरक्षित असते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर अर्थातच नाही. मग ट्रान्झिट विम्याचे पैसे कशाला, असा प्रश्न येईल. कारण असं की स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला की नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं दावा नसेल तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. शिवाय झीरो डेप नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो, आणि वाहतुकीत पहिला मार खातो तो बंपरच. जुनी, दावा करून बोनस गेलेली गाडी असेल तर मी ट्रान्झिट विम्यावर खर्च करणार नाही. बोनस साठलेली नवी गाडी असेल तर जरूर करीन. निर्णय काहीही असो, आपल्या विमा कंपनीला एक मेल टाकून 'गाडी अमुक तारखेला ट्रेलरने जात आहे' एवढं कळवून ठेवावं. डिकीत भरलेला मिक्सर, गाद्या आणि पुस्तकांची खोकी मात्र गाडीच्या कुठल्याच विम्यात येत नाहीत.

पैसे देताना रक्कम कंपनीच्या नावाच्या खात्यातच जावी, कुणा 'मॅनेजर साहेबां'च्या यूपीआयवर नाही. या धंद्यातली सर्वांत जुनी चाल म्हणजे गाडी चढली की येणारा फोन: डिझेल वाढलं, आरटीओचा खर्च आला, आणखी आठ हजार टाका नाहीतर गाडी उतरणार नाही. गाडी त्यांच्या यार्डात, तुम्ही परगावी. यावर आधीचा उपाय एकच: कोटेशन सर्व खर्चासह, लेखी, आणि मोठा हिस्सा गाडी मिळाल्यावर. पोचण्याची तारीखही कागदावर घ्यावी. उशिराची जबाबदारी कायद्याने त्या कागदावरच मोजली जाते.

गाडी सोपवण्याच्या दिवशी ती धुतलेली असावी, कारण धुळीखालचा ओरखडा जुना की नवा हे कोणी सांगू शकत नाही. चारी बाजू, छत, काचा, चाकांच्या रिम, आणि मीटरवरचा किलोमीटरचा आकडा पेट्रोलच्या काट्यासह, असे फोटो दिवसाउजेडी काढावेत. इंधन पाव टाकीहून कमी असावं. आरसी, विमा, पीयूसी यांच्या झेरॉक्स द्याव्यात, मूळ प्रती नाहीत. किल्ली एकच. आणि कोणी फॉर्म २९ किंवा ३० वर सही मागितली तर हात आखडावा. ते गाडीची मालकी बदलण्याचे फॉर्म आहेत, वाहतुकीशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

काचेवरचा फास्टॅग या सगळ्यात अनपेक्षितपणे कामाला येतो. उघड्या ट्रेलरवर गाडी असेल तर टोलनाक्यावरचं यंत्र कधीकधी ट्रेलरबरोबर वरच्या गाडीचाही टॅग वाचतं आणि तुमचे पैसे कापले जातात, म्हणून जाणकार टॅगवर आतून जाड फॉइल लावायला सांगतात. पण फॉइल न लावता खात्यात थोडे पैसे राहू दिले तर टॅग चुगली करतो. बंदिस्त कंटेनरमध्ये पत्र्याच्या आड टॅग वाचला जाणं अवघड. तेव्हा बंदिस्त कॅरिअर ठरवलेला असताना वाटेतल्या नाक्यानाक्यावरून टोल कापल्याचे मेसेज यायला लागले, तर एक तर गाडी उघड्यावर आहे किंवा कोणीतरी ती चालवत नेतो आहे. दोहोंपैकी काय, ते पोचल्यावर किलोमीटरचा आकडा सांगतो. यार्डापर्यंतचे तीस-चाळीस किलोमीटर समजण्यासारखे; तेराशे वाढलेले असतील तर ट्रेलर कधी आलाच नव्हता.

पोचलेली गाडी पुष्कळदा रात्री साडेदहाला दारात येते. आणणाऱ्या मुलाला घाई असते, लिफ्टजवळचा दिवा मिणमिणता असतो, आणि तो म्हणतो, "सर, इथे फक्त सही करा." सही करण्याआधी मोबाइलच्या उजेडात का होईना, सोपवतानाचे फोटो उघडून एकेक बाजू ताडून पाहावी. नवीन पोचा, तुटलेली शार्कफिन अँटेना, वरच्या मजल्यावरच्या गाडीतून बॉनेटवर ठिबकलेलं तेल, जे दिसेल ते पोचपावतीवरच लिहावं आणि त्याचा फोटो घ्यावा. पावतीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असं छापलेलं असतं. त्याखाली कोरी सही दिली की वाद तिथेच हरला.

नुकसान असेल तर वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि कायद्यातली मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांची आहे. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर "बघतो, करतो" ऐकत पाच महिने सहज जातात. तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेल आणि रजिस्टर्ड पत्र दोन्ही धाडावीत. विमा कंपनीही दाव्याच्या वेळी याच नोटिशीची प्रत मागते, कारण तुम्हाला पैसे देऊन तिला पुढे वाहकाच्या मागे लागायचं असतं. बिल्टीच्या मागे बारीक अक्षरांत 'वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात' असं छापलेलं दिसलं तरी खचायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन करूनही काही प्रकरणं मिटतात. आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहून जाईपर्यंत गाडी गॅरेजात द्यायची नाही. शेजारचा मेकॅनिक कितीही म्हणो, "साहेब, दोन तासांचं काम आहे, आत्ता ठोकून देतो."